बैलाला दिलेल्या इंजेक्शनने गिधाडं कशी मेली? ताडोबा-गडचिरोलीशी याचा काय संबंध आहे?

समजा, नागभीडजवळच्या एका गावात रोवणीचे दिवस सुरू आहेत. चिखलणी करताना बैलाचा पाय मुरगळला. पाय सुजला, बैल लंगडायला लागला. रोवणी तर थांबवता येत नाही. मग कुणीतरी दुखण्याचं इंजेक्शन आणून टोचलं. पण बैलाला आतून दुसरंच काही झालं होतं आणि दोन दिवसांनी तो मेला. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकतात तिथे त्याला नेऊन टाकलं.

आता पुढे काय होणार, हे त्या इंजेक्शनच्या बाटलीवर कुठलं नाव होतं यावर ठरतं.

गिधाडं गेली कुठे?

आपल्या आई-वडिलांना विचारा. मेलेल्या ढोरावर गिधाडांचा थवा उतरायचा आणि बघता बघता फक्त हाडं उरायची, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग १९९० च्या दशकात ती दिसेनाशी झाली. राजस्थानातल्या भरतपूरला बीएनएचएसचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्या हे लक्षात आलं. पुढच्या मोजणीत कळलं की १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं तब्बल ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातलं एक उरलं.

सुरुवातीला संशय होता विषाणूवर. कीटकनाशकांवरही होता. पण पुरावा सापडत नव्हता.

मग गुन्हेगार सापडला कसा?

लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकन पशुवैद्यकीय शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासत होते. २५९ पैकी २१९ गिधाडांच्या शरीरात एकच गोष्ट दिसली. काळीज, यकृत अशा अवयवांवर युरिक अॅसिडचा पांढरा थर साचलेला होता. याचा अर्थ किडनी बंद पडली होती.

किडनी निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांची तपासणी केली, तर सगळ्या २५ मध्ये डायक्लोफेनॅक सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांमध्ये ते एकातही नव्हतं. हे औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घातल्यावर गिधाडं तशीच मेली. २००४ मध्ये हे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात आलं.

डायक्लोफेनॅक म्हणजे सूज आणि दुखणं कमी करणारं औषध. माणसं घेतात, गाई-बैलांनाही द्यायचे. गाईला त्याने आराम पडतो, पण गिधाडाच्या किडनीला ते झेपत नाही.

पण सगळ्या जनावरांना थोडंच हे औषध देत असतील?

बरोबर. आणि हीच यातली सगळ्यात धक्कादायक गोष्ट आहे. संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा कळलं की शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरात हे औषध असलं, तरी गिधाडं संपायला तेवढं पुरे होतं.

कारण एका ढोरावर डझनांनी गिधाडं एकत्र जेवतात. एका विषारी पंगतीत अख्खा थवा जातो. शिवाय गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षं लागतात. म्हणजे मरायला दोन दिवस, भरून यायला कित्येक वर्षं.

गिधाडं गेली तर आपलं काय बिघडलं?

बरंच. सडणारी जनावरं तशीच पडून राहिली. त्यावर कुत्री वाढली, पाण्यात घाण गेली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांच्या २०२४ मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे की गिधाडं गेल्यामुळे भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जास्तीचे मृत्यू झाले. हे माणसांचे मृत्यू आहेत.

मग जनावराला दुखत ठेवायचं का?

अजिबात नाही, आणि इथेच पशुवैद्यकीय संशोधन कामाला आलं. मेलोक्सिकॅम हे औषध आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग भारतात गिधाडांवर तपासलं गेलं. त्यांना काही झालं नाही. बैलालाही आराम पडतो. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली.

पण पळवाट होतीच. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरल्या जाऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीपेक्षा मोठ्या बाटल्या बंद झाल्या. एसिक्लोफेनॅक हे दुसरं औषध तर गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं, हे पुढे कळलं. २०२३ मध्ये जनावरांसाठी त्यावर आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली. नंतर निमेसुलाइडचा नंबर लागला.

याचा आपल्या भागाशी संबंध काय?

नागभीडच्या एका बाजूला ताडोबा आहे. दुसऱ्या बाजूला ब्रह्मपुरीवरून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी 'उपाहारगृहं' सुरू केली. तिथे मेलेली जनावरं ठरलेल्या मोकळ्या जागेवर ठेवली जातात, म्हणजे गिधाडांना सुरक्षित खाणं मिळतं. ताडोबातल्या बोटेझरीला जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोर केंद्रातून पांढऱ्या पाठीची १० गिधाडं आणली. काही महिन्यांनी पाठीवर जीपीएस लावून त्यांना मोकळं सोडलं.

पण गिधाड अभयारण्याची हद्द पाळत नाही. ते दिवसाला शंभर किलोमीटरही उडतं. ताडोबात सोडलेलं गिधाड जेवायला कुठल्या गावाच्या ढोरावर उतरेल, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे त्याचा जीव वनविभागाइतकाच आपल्या गोठ्यावरही अवलंबून आहे.

आपण काय करायचं?

- ढोराला स्वतःच्या मनाने इंजेक्शन टोचू नका, डॉक्टरला बोलवा.
- दुखण्यासाठी मेलोक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक अॅसिड चालेल का, हे डॉक्टरला विचारा. गिधाडांसाठी ही दोन्ही सुरक्षित आढळली आहेत.
- माणसांचं डायक्लोफेनॅक जनावराला देऊ नका.
- दुसरं कुठलं औषध दिलेलं जनावर काही दिवसांत मेलं, तर ते उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.

बैल आपला आहे, त्याला बरं वाटलंच पाहिजे. फक्त बाटलीवरचं नाव एकदा वाचून घ्या. घरी गुरं असतील किंवा गावात कुणाकडे असतील, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.