बर्कलेला व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जाताना

महाराष्ट्रातले प्राध्यापक, डॉक्टर, नुकतीच पीएचडी झालेले तरुण अमेरिकी विद्यापीठांत सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ संशोधनासाठी जातात. तयारीचा सगळा जोर व्हिसा, घरभाडे आणि प्रयोगशाळा यांवर असतो. तिथल्या आवारातले जगणे, तिथली व्याख्याने, एकत्र जेवणे यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. परतल्यावर मात्र हळहळ त्याचीच वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कलेचे आवार डोळ्यांसमोर ठेवून ही बाजू पाहू.

कार्यक्रम का ठेवले जातात

बहुतेक पाहुणे संशोधक जे-१ व्हिसावर जातात. १९६१च्या फुलब्राइट-हेज कायद्यावर उभ्या असलेल्या या व्हिसाचा हेतू दोन देशांतल्या माणसांनी एकमेकांना ओळखावे हा आहे. म्हणून संशोधकाला आणि सोबत आलेल्या जोडीदाराला, मुलांना सांस्कृतिक कार्यक्रमांत भाग घेता येईल अशी सोय करणे यजमान संस्थेवर नियमानेच बंधनकारक आहे. माहितीसत्रे, कॉफीच्या भेटी, सहली, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचे थँक्सगिव्हिंगचे जेवण यांमागे ही जबाबदारीही असते. तेव्हा ‘कामातून वेळ काढून कशाला जायचे’ हा संकोच मनातून काढून टाकावा. ज्या कारणासाठी व्हिसा मिळाला, त्यातच हे येते.

इंटरनॅशनल हाउस

बर्कलेच्या पीडमॉन्ट अव्हेन्यूवर घुमटाची एक मोठी इमारत आहे. तिची कथा न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. १९०९च्या सुमारास हॅरी एडमंड्स या वायएमसीएच्या कार्यकर्त्याने कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटले. तीन आठवड्यांत आपल्याशी बोललेले तुम्ही पहिलेच, असे तो विद्यार्थी म्हणाला. एडमंड्स आणि त्यांच्या पत्नीने परदेशी विद्यार्थ्यांना घरी बोलवायला सुरुवात केली. त्यातून क्लब उभा राहिला आणि पुढे धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे इंटरनॅशनल हाउस झाले.

बर्कलेचे हाउस १९३० मध्ये उघडले. एडमंड्स यांनी त्यासाठी मुद्दाम पीडमॉन्ट अव्हेन्यू निवडला, कारण परदेशी आणि गोरेतर विद्यार्थ्यांना दारे बंद असलेल्या विद्यार्थी-मंडळांची घरे तिथेच होती. सगळ्या वर्णांचे विद्यार्थी आणि तेही मुलगे-मुली एकाच छपराखाली राहणार, म्हणून गावात मोठा विरोध झाला. विरोधकांच्या सभेला आठशेहून अधिक लोक जमले. त्या सभेत डेलायला बीझली या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेने उभे राहून एडमंड्स यांची बाजू मांडली. आज तिथे सुमारे सहाशे जण राहतात आणि त्यांत पाहुणे संशोधकही असतात. बुधवारी रात्रीच्या कॉफीची तिथली प्रथा जुनी आहे. ज्याला गावात कोणी ओळखत नाही, त्याने सुरुवात इथून करावी.

हा एकटेपणा आपल्याकडच्यांनाही चुकला नाही. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, तेव्हा परदेशातून आलेल्या संशोधकाची विचारपूस करणारी आजच्यासारखी कार्यालये नव्हती.

आठवड्यात काय चालते

प्रत्येक विभागाचे सेमिनार ठरलेल्या वारी असतात. दुपारचे सेमिनार अनेकदा ‘ब्राउन बॅग’ असतात, म्हणजे डबा आपला आपण न्यायचा आणि खात खात ऐकायचे. आपल्या विषयाबाहेरच्या एखाद्या तरी विभागाच्या ईमेल यादीत नाव घाला. हर्ट्झ हॉलमधल्या दुपारच्या मोफत मैफलींची परंपरा मोठी आहे. ३०७ फूट उंच कॅम्पनील मनोऱ्यात ६१ घंटा आहेत आणि त्या वाजवायला खरा वादक बसतो. १९६४ची अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चळवळ जिथे पेटली, त्या स्प्राउल प्लाझात विद्यार्थी संघटना आजही टेबले मांडून बसतात. एक दुपार तिथे घालवली, तर हे विद्यापीठ कसे विचार करते ते थोडे उमगते.

बोलावणे आले तर

येणार की नाही, हे निमंत्रणात मागितलेल्या तारखेपर्यंत कळवावे. ‘बघतो, जमलं तर’ हे उत्तर तिथे चालत नाही. पॉटलकला प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा असतो. साबुदाण्याची खिचडी नेलीत तर त्यात दाण्याचे कूट आहे, अशी चिठ्ठी शेजारी ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. हॅपी अवरला दारू घेतलीच पाहिजे असे नाही, ज्यूसचा ग्लास हातात असला तरी कोणी काही विचारत नाही. अनेक प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारली जाते. सुरुवातीला जीभ अडखळते, पण त्यांनी तसे सुचवले तर तसेच म्हणावे.

घरच्यांसाठी

याबाबतीत आपली माणसे सगळ्यात कमी विचार करतात, याचे वाईट वाटते. संशोधक सकाळी प्रयोगशाळेत जातो आणि जोडीदार परक्या गावात दिवसभर घरात बसतो. जे-२ व्हिसावरच्या जोडीदाराला शिकता येते आणि अर्ज करून काम करण्याचा परवानाही मिळवता येतो. मात्र ती कमाई जे-१ धारकाचा खर्च भागवण्यासाठी नाही, अशी अट आहे. बर्कले अॅडल्ट स्कूलमध्ये इंग्रजीचे वर्ग चालतात. मुलांना सरकारी शाळेत फी नसते, पण कॅलिफोर्नियात लसीकरणाची नोंद दाखवावीच लागते. ती कागदपत्रे इथूनच न्या.

बे एरियात महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीला, दिवाळीला तिथे जरूर जावे, मुलांना बरे वाटते. पण प्रत्येक शनिवार-रविवार मराठी घरांतच गेला, तर इतक्या लांब येण्याचा निम्मा लाभ हुकला असे माझे मत आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात

कार्यक्रम सुरू होण्याच्या तारखेपासून तीस दिवसांत विद्यापीठाकडे हजेरी नोंदवावी लागते. विमा आजार किंवा अपघातामागे किमान एक लाख डॉलरचा हवा आणि तो सोबतच्या कुटुंबीयांचाही हवा. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ या वर्गाला कमाल सहा महिने मिळतात, तर ‘रिसर्च स्कॉलर’ला पाच वर्षांपर्यंत राहता येते. कोणत्या वर्गात जात आहात, ते निघण्याआधीच विचारून घ्या.

आपले व्याख्यान

पाहुणा फक्त ऐकायला आलेला नसतो. विदर्भातल्या कापसावर, कोकणातल्या जांभ्यावर किंवा मोडी कागदपत्रांवर काम केलेल्या माणसाकडे बर्कलेत दुसऱ्या कुणाकडे नसेल अशी माहिती असते. ती ऐकायला लोक येतात आणि पुढच्या ओळखी त्या तासाभरातून होतात. दुसऱ्या विद्यापीठाने मानधनावर बोलावले, तर आपल्या यजमान विद्यापीठाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. ती विसरलात तर व्हिसाचा नियम मोडतो. सेमिनारच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच भरतात. म्हणून पोचल्यावर पहिल्याच महिन्यात विभागाच्या सेमिनार-संयोजकाला भेटा आणि आपल्या व्याख्यानाची तारीख मागून घ्या.