मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा आणि धाराशिवचा दगड

लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणजे किमान ४ बाय ५ इंचांच्या सुट्या फिल्मवर छायाचित्र घेणारा कॅमेरा. ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीपेक्षा या फिल्मचे क्षेत्रफळ सुमारे १५ पट असते, तर ८ बाय १० इंची फिल्मचे सुमारे ६० पट. पुढे लेन्सची पाटी, मागे दुधी काच आणि मध्ये घडीचा भाता, एवढीच त्याची रचना. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन काचेवरचे उलटे चित्र पाहतो, फोकस करतो, मग लेन्स बंद करून फिल्मचा होल्डर सरकवतो. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म मावतात.

महाराष्ट्रात छायाचित्रणाची सुरुवात लवकर झाली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते. धाराशिवचा परिसर १८७० च्या दशकात निजामाच्या राज्यात होता. तेथील लेण्यांची पाहणी पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात केली आणि अहवाल १८७८ मध्ये निघाला. त्या काळातील ओल्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच छायाचित्र घेऊन धुवावी लागे, म्हणून तंबूची डार्करूम बरोबर न्यावी लागे. जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा आल्यावर हा व्याप संपला. निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी काचेच्या मोठ्या निगेटिव्हवरच आपले काम उभे केले.

विसाव्या शतकात भारतीय स्टुडिओंना देशी कॅमेराही मिळाला. केरळातील अलप्पुळा येथे के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात ‘वागीश्वरी’ हा लाकडी फील्ड कॅमेरा बनवला. त्यांच्या घरी वाद्यदुरुस्तीचे काम चाले. एका स्टुडिओमालकाने कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्तीला आणला आणि त्यातून हा उद्योग जन्मला.

आज डिजिटल छायाचित्रे जोडून लार्ज फॉरमॅट फिल्मपेक्षाही जास्त तपशील मिळवता येतो. तरीही काही छायाचित्रकार या कॅमेऱ्याकडे वळतात, याचे पहिले कारण म्हणजे त्याच्या लेन्सच्या पाटीच्या हालचाली. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्याचा उंच उपळी बुरूज साध्या कॅमेऱ्याने जवळून टिपायचा तर कॅमेरा वर वळवावा लागतो आणि बुरुजाच्या कडा माथ्याकडे मिटत जातात. लार्ज फॉरमॅटमध्ये मात्र कॅमेरा सरळ ठेवून फक्त लेन्सची पाटी वर सरकवतात, त्यामुळे कडा उभ्या राहतात. संगणकावर ही दुरुस्ती नंतर करता येते, पण तिच्यात चित्र ताणले जाते. लेन्स पुढे कलवली की फोकसचे प्रतलही कलते. थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते. त्याच किल्ल्यातील बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल दूरवर असताना पायाशी असलेल्या दगडापासून तेथपर्यंतची जमीन एकाच वेळी स्पष्ट आणता येते, ती याच तत्त्वामुळे.

लेण्यांत अडचण वेगळी. धाराशिवच्या दुसऱ्या लेण्याचे दालन सुमारे ८० फूट चौरस असून आत प्रकाश फार कमी. मंद प्रकाशात फिल्मची संवेदनक्षमता घटते, म्हणून प्रकाशमापकाने एक मिनिट दाखवले तर इल्फर्ड कंपनीच्या एफपी-४ या फिल्मला जवळपास तीन मिनिटे द्यावी लागतात. गर्दीच्या जागी हे जमत नाही. स्थिर शिल्पासाठी मात्र चालते.

धुलाईत हवामान आडवे येते. डेव्हलपर या रसायनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी त्याहून बरेच तापलेले असते, म्हणून भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवतात. पाणीटंचाईत फिल्म शेवटी धुताना धावत्या पाण्याऐवजी इल्फर्डची पद्धत सोयीची: टाकीत पाणी भरून ती पाच वेळा उलटी-सुलटी करायची, पाणी बदलून दहा, पुन्हा बदलून वीस वेळा.

फिल्म आता मुख्यतः इंग्लंड, अमेरिका व चेक प्रजासत्ताकातून येते. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडल्याने देशी पर्याय उरला नाही. प्रत्येक फिल्म महाग असल्याने आधी जागा फिरून प्रकाशाची वेळ ठरवली जाते. प्रत काढण्याचे दोन प्रचलित मार्ग आहेत: निगेटिव्ह कागदावर ठेवून त्याच आकाराची प्रत काढणे, किंवा स्कॅन करून मोठी प्रत छापणे.

दुसरे कारण टिकाऊपणाचे. नीट धुऊन कोरड्या जागी ठेवलेली कृष्णधवल निगेटिव्ह उजेडासमोर धरली की यंत्राशिवाय वाचता येते. दीनदयाळ यांच्या काचा शतकानंतरही अभ्यासाला उपलब्ध आहेत. डिजिटल फाइल मात्र दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवावी लागते. झिजत चाललेल्या शिल्पांच्या नोंदीसाठी म्हणूनच दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक ठरतात.