भिंतीतले दार

१९९५ सालची गोष्ट आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ हे दोन तरुण अभियंते एकाच कंपनीत नोकरी करत होते. सबीर भाटिया हे मूळचे भारतीय. बंगळूरला शाळा शिकून पुढे ते शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत गेले होते. नोकरी करता करता आपला स्वतःचा धंदा सुरू करावा, असे या दोघा मित्रांच्या मनात होते. त्याविषयी त्यांना एकमेकांशी पत्रव्यवहार करायचा होता. पण कंपनीच्या ई-मेलवरून लिहिले तर ते मालकांच्या नजरेस पडेल, ही भीती होती. म्हणून ते आपापली खाजगी खाती वापरत. पुढे कंपनीने आपल्या संगणकांभोवती फायरवॉल उभारली आणि कार्यालयातून खाजगी खात्यापर्यंत जाण्याची वाट बंद झाली. एकाच कार्यालयात बसणारे हे दोघे मग कागदाच्या चिठ्ठ्या आणि फ्लॉपी डिस्क एकमेकांच्या हातात देऊ लागले!

ही फायरवॉल म्हणजे काय? हा शब्द मुळात बांधकामातला आहे. एकमेकांना लागून असलेल्या इमारतींपैकी एकीला आग लागली, तर ती दुसरीत पसरू नये म्हणून मध्ये एक जाड भिंत घालतात. तिला फायरवॉल म्हणतात. संगणकाच्या जगात अशा भिंतीची गरज लोकांना १९८८ साली नीट कळली. त्या वर्षी २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस नावाच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम इंटरनेटवर सुटला. तो एका संगणकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आपोआप शिरत गेला. बघता बघता हजारो संगणक ठप्प झाले. तोपर्यंत इंटरनेट हे ओळखीच्या माणसांचे गाव होते. घरांना कुलपे लावण्याची चाल नव्हती. त्या दिवसानंतर ती पडू लागली.

संगणकाची फायरवॉल विटांची नसते. तीही एक यंत्र किंवा प्रोग्रामच असते. तिचे काम समजण्यासाठी एक मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. या वाड्याला दोनचार नव्हे, पासष्ट हजारांहून अधिक दारे आहेत. प्रत्येक दारावर क्रमांक आहे आणि प्रत्येक कामाचे दार ठरलेले आहे. या दारांना पोर्ट म्हणतात. एका टपाल संगणकाकडून दुसऱ्याकडे पत्र जाते ते २५ क्रमांकाच्या दारातून. आपल्या पेटीतली पत्रे उतरवून घेण्यासाठी ११० क्रमांकाचे दार आहे. इंटरनेटवरील पाने ये-जा करतात ती ८० क्रमांकाच्या दारातून. फायरवॉल ही या वाड्याची पहारेकरी. मालकाने सांगितलेली दारे ती उघडी ठेवते आणि बाकीची लावून घेते.

आता त्या दोन मित्रांची अडचण तुमच्या ध्यानात येईल. पत्रांची दारे बंद होती. मात्र ८० क्रमांकाचे दार उघडे होते, कारण नोकरांना कामासाठी इंटरनेटवरील पाने पाहावी लागत. १९९५ च्या डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी जॅक स्मिथ मोटारीने घरी चालले होते. वाटेत त्यांना एकदम सुचले की, पत्रच जर पानाच्या रूपात दाखवले तर? जगातील कोणतेही पान ब्राउझरमध्ये उघडते, मग आपली पत्रपेटी का उघडू नये? त्यांनी मोटारीतूनच मित्राला फोन लावला. भाटियांनी मात्र त्यांना पुढे बोलूच दिले नाही. घरी पोहोचल्यावर घरच्या फोनवरून बोल, असे सांगून त्यांनी फोन ठेवायला लावला. कल्पना इतकी सोपी होती की, वाटेत कोणी ऐकली असती तर त्यानेच ती उचलली असती.

यालाच वेबमेल म्हणतात. यात पत्र आपल्या संगणकावर उतरतच नाही. ते दूरच्या एका मोठ्या संगणकात राहते. आपण परवलीचा शब्द देतो आणि तो संगणक आपल्याला एक पान पाठवतो, त्या पानावर पत्राचा मजकूर असतो. पहारेकऱ्याला ते इतर हजार पानांसारखे एक पान वाटते आणि तो वाट सोडतो. याला कोणी पळवाट म्हणेल. थोडीशी होतीच ती.

४ जुलै १९९६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, या दोघांनी 'हॉटमेल' सुरू केले. ते फुकट होते. दीड वर्षही झाले नव्हते, तोच १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते सुमारे चाळीस कोटी डॉलरना विकत घेतले. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले होते. घरी संगणक असणारे फार थोडे. पण वेबमेलला स्वतःचा संगणक लागत नव्हता. आखातात नोकरीला गेलेल्या भावाला सायबर कॅफेत बसून पत्र लिहावे आणि तासाचे पैसे देऊन उठावे, असे तेव्हा मुंबईत अनेक घरांनी केले आहे.

एक गोष्ट मात्र त्या वेळी फारशी कोणाच्या लक्षात येत नसे. ८० क्रमांकाच्या दारातून जाणारा मजकूर उघडा असतो, पोस्टकार्डासारखा. मधल्या मध्ये कोणी पाहिले तर त्याला तो वाचता येतो. म्हणून आता वेबमेलसाठी ४४३ क्रमांकाचे दार वापरतात. त्यातून जाणारा मजकूर सांकेतिक लिपीत असतो, जणू मोहोरबंद लिफाफाच.

पुढे उलटाच प्रश्न उभा राहिला. गावोगाव फिरणाऱ्या नोकरांना कार्यालयातील पत्रे बाहेरून वाचता यावीत, असे कंपन्यांनाच वाटू लागले. टपालाचा संगणक तर भिंतीच्या आत! मग त्याच्यापर्यंत दार कसे ठेवायचे? जाणकार लोक ते थेट उघडत नाहीत. जुन्या वाड्यांना देवडी असे. बाहेरचा माणूस देवडीवर थांबे, शिपाई त्याची चौकशी करी आणि निरोप घेऊन आत जाई. तसाच एक मध्यस्थ संगणक दोन फायरवॉलच्या मधल्या जागेत ठेवतात. बाहेरच्या भिंतीत त्याच्यासाठी फक्त ४४३ क्रमांकाचे दार उघडतात. आतल्या भिंतीतून टपालाच्या संगणकाशी बोलण्याची परवानगी त्या एकट्यालाच देतात. नुसत्या परवलीच्या शब्दावर विसंबत नाहीत. तो चोरीला जाऊ शकतो, म्हणून मोबाइलवर आलेला आकडाही मागतात. आणि प्रोग्राममध्ये दोष सापडला की, त्याची दुरुस्ती लगेच बसवतात. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी उद्यावर जाते.

उद्यावर टाकले तर काय होते ते २०२१ साली दिसले. मायक्रोसॉफ्टचा 'एक्स्चेंज' हा टपालाचा प्रोग्राम जगभर अनेक कार्यालयांत आहे. त्याच्या वेबमेलचा एक भाग बाहेरून आलेली मागणी घेतो आणि आतल्या भागाकडे पोहोचवतो. या पुढच्या भागाला फसवता येते, हे काही चोरांना कळले. देवडीवरच्या शिपायाने आणलेला निरोप आतले लोक शंका न घेता मानत. चोरांनी आपला निरोप त्या शिपायाच्याच तोंडून आत पाठवला. त्यांना परवलीचा शब्द लागलाच नाही. २ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती प्रसिद्ध केली, परंतु चोर जानेवारीपासूनच आत येत होते. दुरुस्ती जाहीर झाल्यावर तर इतर टोळ्याही धावल्या. ज्यांनी ती बसवायला उशीर केला, असे संगणक त्या शोधून काढू लागल्या. जगभरातील हजारो संगणकांत शिरकाव झाला.

ज्यांनी दुरुस्ती बसवली, त्यांचीही सुटका सहज झाली नाही. चोरांनी जाताना आत लहानसे प्रोग्राम लपवून ठेवले होते. पुढचे दार बंद झाले तरी त्या चोरवाटेने त्यांना परत येता येई. कित्येक मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. शेवटी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने न्यायालयाची परवानगी मिळवली आणि तेथील शेकडो संगणकांतून असे प्रोग्राम स्वतःच पुसून टाकले. संगणकांच्या मालकांना ही बातमी नंतर कळवण्यात आली, तीही ई-मेलने.