पद्मिनीचे ब्रेक

पुण्यातून मोटारीने बाहेर पडणाऱ्या गृहस्थाची, नगर आणि सोलापूर या दोन रस्त्यांचा अपवाद सोडला तर, कोणत्या ना कोणत्या घाटाशी गाठ ठरलेली असते. मुंबईस जाताना बोरघाट, साताऱ्यास जाताना कात्रज आणि पुढे खंबाटकी, सासवडास जाताना दिवेघाट, महाडच्या वाटेवर वरंध आणि माणगावच्या वाटेवर ताम्हिणी, असा या शहराचा भूगोलच असल्यामुळे येथे जुनी मोटार बाळगणाऱ्याला इंजिनाइतकीच ब्रेकचीही फिकीर करावी लागते. ही फिकीर ज्या गाडीच्या निमित्ताने पुणेकरांनी सर्वांत दीर्घकाळ वाहिली, ती गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट, अर्थात प्रीमियर पद्मिनी.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाटशी करार होऊन ११०० जातीच्या गाड्या कुर्ल्यात बनू लागल्या. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली, आणि तीच गाडी किरकोळ फेरफारांनिशी १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, हा तिचा थोडक्यात तपशील होय. मुदत संपल्यामुळे मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. परंतु खाजगी मालकीच्या काही पद्मिनी पुण्याच्या पेठांतून आणि कोथरूड-एरंडवण्याच्या बंगल्यांतून अद्याप नांदत आहेत, आणि त्यांच्या चाकांआड दडलेल्या त्या जुन्या यंत्राचा परिचय करून देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

ड्रम ब्रेकच्या कल्पनेला आता शतक उलटून गेले. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्याच्या आतून दाब देऊन त्याची गती रोखण्याची रचना फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी १९०२ साली प्रचारात आणली. ॲस्बेस्टॉसमिश्रित लायनर इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांच्या फेरोडो कंपनीने पहिल्या महायुद्धापूर्वीच बाजारात आणले. आणि पायाचा जोर तारा व दांड्यांऐवजी द्रवाच्या द्वारे चारही चाकांपर्यंत पोचवण्याची युक्ती अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी सिद्ध केल्यावर १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना द्रवचालित ब्रेक बसले. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कालचा सिद्धांत शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनीच वाचलेला असतो. पद्मिनीचे पॅडल दाबणारा प्रत्येक इसम त्याचा प्रयोग दिवसातून शेकडो वेळा करीत असतो.

चाक काढून ड्रम उतरवला की आतील संसार दृष्टीस पडतो. बॅक प्लेटवर बसवलेले दोन अर्धचंद्राकृती शू, त्यांच्या पाठीवर रिवेट मारून किंवा चिकटवून बसवलेले लायनर, शूंना परस्परांपासून दूर ढकलणारा व्हील सिलेंडर आणि पाय उचलताच त्यांना परत जागेवर ओढणाऱ्या स्प्रिंगा, एवढीच ही सामग्री असते. परंतु तिच्यात एक खुबी आहे. ज्या शूचे ढकलले जाणारे टोक फिरत्या ड्रमला आधी भेटते, त्या शूला फिरता ड्रम स्वतःच आपल्याबरोबर ओढू पाहतो, आणि या ओढीमुळे तो शू सिलेंडरने दिलेल्या जोरापेक्षा अधिक जोराने ड्रमवर आवळला जातो. दुसऱ्या शूच्या बाबतीत हीच ओढ उलट कार्य करते. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसलेली गाडी केवळ पायाच्या बळावर थांबते, याचे श्रेय बव्हंशी या गुणाला आहे. पण घर्षणात पडलेला थोडासा फरक याच गुणामुळे वाढून चाकापर्यंत पोचतो, आणि एका चाकाचे लायनर थोडे तेलकट किंवा थोडे गुळगुळीत झाले की गाडी सरळ थांबण्याऐवजी एका बाजूस ओढली जाते. म्हणून या यंत्राचा मर्मभाग समतेत आहे, असे म्हणावे लागते. एकाच चाकाने फार जोरात धरणे हे मंद धरण्याइतकेच घातक; दोन्ही बाजूंची चाके सारखी धरतील तरच ब्रेक चांगला, आणि दुरुस्तीची प्रत्येक कृती या एकाच कसोटीवर पारखून घ्यावयाची असते.

या यंत्राचा दुसरा स्वभावविशेष म्हणजे त्याचा बंदिस्तपणा. डिस्क ब्रेकची पॅडे चाकाच्या फटीतून पुष्कळदा दिसतात. ड्रममध्ये काय चालले आहे ते ड्रम उतरवल्यावाचून कळत नाही. तरीही तक्रार नीट ऐकणाऱ्याला पॅडल बरेच काही सांगते. पॅडल पहिल्यांदा खोल जाते आणि लागोपाठ दुसऱ्यांदा दाबताच वर येते, तेव्हा शू ड्रमपासून दूर गेले आहेत, सेटिंग करावयास हवे, असे समजावे. पॅडल स्पंजासारखे दबते तेव्हा नळ्यांत हवा शिरलेली असते. पाय स्थिर ठेवला असता ते सावकाश खाली उतरू लागले आणि बाहेर कोठे गळती दिसत नसली, तर पॅडलचा जोर द्रवावर देणाऱ्या मास्टर सिलेंडरमधील रबरी वाटी निकामी झाली आहे, असा निदानाचा कौल असतो. पॅडल कठीण लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा लायनर तापून चकचकीत झालेले असतात; आणि पायाखाली ठोके जाणवले तर ड्रमचा गोल बिघडलेला असतो. ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढू लागली तर नवखा मनुष्य डावे चाक उघडतो. वस्तुतः दोष बहुधा उजव्या चाकात असतो, कारण डावे चाक आपले काम चोख करीत असते आणि उजवे हयगय करीत असते.

प्रत्यक्ष कामाला आरंभ करताना जुने मिस्त्री एक नियम कसोशीने पाळतात. एका वेळी एकच चाक उघडावयाचे आणि जोडीचे चाक तसेच राहू द्यावयाचे, म्हणजे कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती हा वाद निर्माण झालाच तर त्याचा पुरावा शिल्लक राहतो. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम ठोकळ्यांवर घ्यावी, हे सांगावयास नको. ड्रमच्या आत साठलेली काळी भुकटी मात्र हवेच्या पाइपने उडवण्याची किंवा फुंकर मारून झटकण्याची चाल सर्वथा त्याज्य आहे. कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असते, त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात शिरले की आपला परिणाम अनेक दशकांनंतरही दाखवतात, आणि त्या रोगावर इलाज नाही. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

यानंतर पाहावयाचा तो ओलावा. बॅक प्लेटवर ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची आहे की मागच्या ॲक्सलच्या तेलाची, याचा निवाडा प्रथम करावा. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलेंडरची रबरे गेलेली असतात. जाड आणि उग्र वासाचे तेल असेल तर ॲक्सलचे ऑइल सील बदलावे लागते. हे कारण दूर न करता नुसते नवे लायनर बसवणारा कारागीर मालकाचे पैसे आणि लायनर दोन्ही वाया घालवतो. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा पेटवून शुद्ध करण्याचा एक उपचार गॅरेजांतून चालत आलेला आहे. तो केवळ मनाचे समाधान होय. तेल लायनरच्या अंगात मुरलेले असते आणि पहिल्याच घाटात उष्णतेने पुन्हा वर येते. असे लायनर टाकून द्यावेत, आणि समतेच्या नियमाने एका बाजूचे टाकले तर त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूचेही टाकावेत.

शूवर नवे लायनर चढवून घेणे हा एक स्वतंत्र धंदा आहे. पुण्यात सुट्या भागांसाठी पाय नाना पेठेकडे वळतात, आणि बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशीब अनुकूल असेल तर एखादा वापरलेला ड्रमही हाती लागतो. रिवेट मध्यापासून आरंभून टोकांकडे मारीत गेले की लायनर शूला घट्ट बिलगून बसते. टोकांकडून आरंभ केल्यास मध्ये फुगा राहतो. रिवेटचे डोके लायनरच्या पृष्ठभागाखाली पुरेसे खोल गेले पाहिजे, नाहीतर लायनर थोडे झिजताच ते ड्रमला चरे पाडू लागते. चरे पडलेला किंवा गोल बिघडलेला ड्रम लेथवर टर्निंग करून घेता येतो. मात्र त्याची जाडी ठरावीक मर्यादेखाली जाऊ देता कामा नये, कारण पातळ ड्रम लवकर तापतो आणि दाबाखाली फाकतो. जोडीचा ड्रमही तितकाच कापावा.

येथे अनेक गॅरेजांत एक कसूर राहून जाते. ड्रम कापला म्हणजे त्याचा व्यास वाढतो. जुन्या व्यासाच्या मापाने बनलेला शू मग आतून सर्वत्र टेकत नाही, आणि परातीच्या कडेला आतून वाटी लावून पाहावी तसा तो मध्यभागी तेवढा स्पर्श करतो. म्हणून लायनरवर खडू फासून ड्रम वर चढवावा, हाताने फिरवावा, पुन्हा काढावा आणि खडू कोठे पुसला गेला ते पाहावे. पुसलेली जागा मध्येच असेल तर जाड लायनर घेऊन ते ड्रमच्या मापाने घासून घ्यावे. हे काम वेळखाऊ असल्यामुळे ते टाळले जाते, आणि नव्या लायनरांनी ब्रेक पूर्वीपेक्षा वाईट झाले, अशी मालकाची तक्रार जन्मास येते.

शू आणि ड्रम जमले की सेटिंग. शू ड्रमजवळ सरकवणारा ॲडजस्टर आवळीत चाक पूर्ण अडेपर्यंत न्यावे, पॅडल दोन-चार वेळा जोराने दाबून शू मध्यावर येऊ द्यावेत, आणि मग चाक हलक्या घर्षणाच्या आवाजासह मोकळे फिरेल इतके ढिले सोडावे. शेवटी हवा काढण्याचा विधी. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या आपल्या गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून सर्वांत दूरचे चाक मागचे डावे. तेथून आरंभ करून मागचे उजवे, पुढचे डावे आणि पुढचे उजवे असा क्रम सामान्यतः पाळावा. एकाने पॅडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकामागचा हवा सोडण्याचा स्क्रू, म्हणजे ब्लीडर, उघडून बुडबुडे जाऊ द्यावेत आणि पाय उचलण्यापूर्वी तो बंद करावा. बाहेर आलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये.

ब्रेक ऑइलची अडचण अशी की ते हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ३ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच अट १४० अंशांवर येते. पुण्याचे चार पावसाळे पाहिलेले ऑइल घाटात उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल फळीला टेकते. दर दोन वर्षांनी ते बदलावे, हा खर्च अल्प आहे.

घाटाची मागणी किती जबरदस्त असते ते आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. चार माणसे आणि सामान मिळून बाराशे किलो वजनाची फियाट खंडाळ्याहून खोपोलीस सुमारे पाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा कोठेतरी विसर्जित करावी लागते ती जवळजवळ अठरा लिटर पाणी उकळीला आणण्यास पुरेल एवढी असते. ती सर्व ब्रेकवर सोपवली तर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि शूंपासून दूर जातो, लायनरचे घर्षण मंदावते, आणि बंद डब्यातून उष्णता वेगाने बाहेर पडत नसल्यामुळे संकट वाढतच जाते. डिस्क ब्रेकने ड्रमवर मात केली ती मुख्यतः याच मुद्द्यावर. ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक या भौतिक कारणावर उभा आहे. आणि पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतार उतरणारा मनुष्य इंजिनाची फुकट मिळणारी मदत नाकारीत असतो.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेताना परिवहन कार्यालयाकडून तिची तपासणी होते आणि दाखला मिळतो. परंतु त्या तपासणीत ड्रम उतरवले जात नाहीत. गाडी थांबते किंवा नाही, एवढेच पाहिले जाते. दाखल्याच्या पाच वर्षांत लायनर किती झिजले, कोणते सिलेंडर गळू लागले आणि ब्रेक ऑइलचा कोणता रबरी होज आतून सुजला, याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर राहते.

तेव्हा ज्यांच्या दारात अजून अशी गाडी उभी आहे त्यांना विनंती एवढीच की, दरवर्षी मृगापूर्वी चारही ड्रम उतरवून घ्यावेत आणि त्या वेळी स्वतः उभे राहावे. लायनरची जाडी, सिलेंडरची ओल आणि ड्रमची कड आपल्या डोळ्यांनी पाहावी, जे बदलावयाचे ते जोडीने बदलावे, आणि तारीख व काम एका वहीत नोंदवून ठेवावे. मग रिकाम्या, कोरड्या आणि सपाट रस्त्यावर तीसच्या वेगाने जाताना हात स्टिअरिंगवर हलका ठेवून ब्रेक दाबून पाहावा. गाडी सरळ रेषेत थांबली तरच मिस्त्रीचा मेहनताना चुकता करावा. डावी-उजवीकडे तसूभर जरी वळली, तरी ती पुन्हा ठोकळ्यांवर घ्यावी आणि मगच घाटाचा रस्ता धरावा.