परवाना माणसाचा की मशीनचा?

कान्हे फाट्यावरच्या कापड दुकानात गल्ल्यावर एक संगणक, आत मुनीमजींचा दुसरा आणि घरी तिसरा, यात आता नवल राहिलेले नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आपल्यासारखे अनेक लहान व्यापारी वहीवरून संगणकावर गेले. संगणक घेताना आपण तासभर घासाघीस करतो; पण त्यातले सॉफ्टवेअर किती मशीनवर आणि किती जणांनी वापरायचे, हे विचारत नाही.

कापडाचा तागा घेतला की तो आपला. कापा, विका, वाटा. सॉफ्टवेअरची मालकी मात्र कंपनीकडेच राहते. आपल्याला मिळते ती वापरण्याची परवानगी, म्हणजे लायसन. आणि ते मोजायचे गज वेगवेगळे आहेत.

टॅलीचेच घ्या. कापड गिरण्यांना माल व सुटे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना मनाजोगे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भारत याने ते लिहिले. १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. म्हणजे ही आपल्याच धंद्याच्या गरजेतून निघालेली चीज! त्याचे ‘सिल्व्हर’ लायसन एका संगणकासाठी असते. त्या एका संगणकावर पाच माणसे पाळीपाळीने बसली तरी हरकत नाही. ‘गोल्ड’ घेतले, तर एकाच जागी तारेने जोडलेल्या सगळ्या संगणकांवर चालते. किंमत साधारण तिप्पट. पण कामशेतचे गोदाम म्हणजे दुसरी जागा, हे ध्यानात ठेवा.

मी इथेच ठेचकाळलो. विकणारा म्हणाला, “शेठ, एक घ्या, सगळीकडे टाकून देतो.” आतल्या संगणकावर ते उघडले खरे, पण शिकाऊ पद्धतीने. महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या अशा मोजक्याच तारखांच्या नोंदी घेई. ऐन रिटर्न भरण्याच्या दिवसांत मुनीमजी डोक्याला हात लावून बसले.

मायक्रोसॉफ्ट ३६५ चे माप उलटे आहे. तिथे माणूस मोजतात. त्याच्या नावावर पाच संगणक, पाच टॅबलेट आणि पाच मोबाईलपर्यंत चालते. दुकानात, घरी, कुठेही. लोणावळा लोकलच्या पाससारखे समजा: पास ज्याच्या नावाचा, प्रवास त्याचाच, गाडी कोणती ते महत्त्वाचे नाही. एका पासवर्डवर तीन पोरांनी काम करणे या करारात बसत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये तर एका वेळी किती जण आत आहेत, एवढेच मोजतात. दहा नोकर पाळ्यांनी काम करत असतील तर हे स्वस्त पडते.

‘सगळेच करतात’ म्हणून चोरटी प्रत घेऊ नये. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तरच कैदेतून सूट मिळू शकते. आपला वापर धंद्याचाच असतो.

बिल दुकानाच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्या. भरलेल्या १८ टक्के कराची वजावट नेहमीच्या नोंदणीदाराला मिळते. सीरियल नंबर आणि ईमेल दुरुस्तीवाल्याच्या नावाने ठेवू नका, स्वतःकडे ठेवा. आणि जुना संगणक भंगारात देण्याआधी टॅलीचे लायसन त्यावरून ‘सरेंडर’ करून घ्या, मग ते नव्यावर चढते.