फॉर्म आणि स्टोअर: वाचायला सगळे, लिहायला एकच दार

फॉर्मच्या चौकटीत टाइप केलेली माहिती वेब ॲपच्या मध्यवर्ती स्टोअरमध्ये नीट कशी पोचवायची, हा आजचा विषय.

उदाहरण इथलंच, तंजावरचं घेऊ. आमच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीतले मोडी कागद आहेत. समजा, अशा कागदांची सूची करणारं ॲप आपण लिहितोय. फॉर्ममध्ये तीन चौकटी: रुमाल क्रमांक, शके आणि विषय. एक कागद शके 1725 चा, म्हणजे इ.स. 1803 च्या सुमाराचा. बृहदीश्वर मंदिरातला भोसले वंशाचा मराठी शिलालेख त्याच सालचा. नोंदवताना आकडे उलटे पडले आणि 1752 झालं. म्हणजे इ.स. 1830. तेव्हाही गादीवर दुसरे सरफोजीच होते (1798 ते 1832), त्यामुळे चूक डोळ्यांना खटकतही नाही. पुढे कोणी ती फॉर्ममध्ये सुधारली, पण शोधाच्या पानाकडे जुन्या आकड्याची वेगळी प्रत राहिली, तर अभ्यासकाला तो कागद सापडणारच नाही.

म्हणून आकडा एकाच ठिकाणी ठेवायचा. त्या जागेला स्टोअर म्हणतात. फॉर्म, यादी, शोध, सगळे तिथूनच वाचतात.

आता दुहेरी बांधणी पाहू. 2014 साली इव्हान यू यांनी आणलेल्या व्ह्यू या फ्रेमवर्कमध्ये 'व्ही-मॉडेल' नावाची सोय आहे. ती दोन कामं करते: साठवलेला आकडा चौकटीत दाखवते आणि चौकटीत टाइप केलेलं परत साठवते. कॉम्पोनंटच्या स्वतःच्या माहितीसाठी हे उत्तम. पण तीच चौकट थेट व्ह्यूएक्सच्या स्टोअरला बांधली, तर स्ट्रिक्ट मोड चालू असताना एरर येते. कारण व्ह्यूएक्सचा नियम असा, की स्टोअरमधला बदल फक्त म्युटेशनमधूनच व्हायचा. लष्करातल्या ऑपरेशन रूमचा नकाशा आठवा. पाहतात सगळे, पण खुणा हलवतो तो नेमलेला माणूसच. ज्याने त्याने हात लावला, तर खूण कोणी आणि का हलवली, हे कळायला मार्ग नाही.

उपाय सोपा आहे. मध्ये एक कॉम्प्युटेड प्रॉपर्टी ठेवायची, तिला दोन बाजू द्यायच्या. गेटर स्टोअरमधला शक वाचतो. सेटर नवा शक म्युटेशनच्या हाती कमिट करतो. व्ही-मॉडेल या प्रॉपर्टीला बांधायचं. टाइप करणाऱ्याला फरक जाणवत नाही, पण प्रत्येक बदल एकाच दारातून जातो. रिॲक्टमध्येही रीत तीच: व्हॅल्यू वरून येते आणि ऑनचेंजमधून बदलाची वर्दी जाते.

एक अडचण मात्र उरते. 1725 टाइप करताना आधी 1, मग 17, मग 172 असे अर्धवट आकडेही स्टोअरमध्ये जातात आणि यादी दर वेळी हलते. एकट्या चौकटीसाठी 'लेझी' हा मॉडिफायर लावा. मग चौकट सोडल्यावरच आकडा जातो. पूर्ण फॉर्म असेल, तर कच्चा मसुदा कॉम्पोनंटमध्ये ठेवा आणि 'जतन करा' दाबल्यावर तपासून एकदाच कमिट करा. मात्र मसुद्याची खरी प्रत काढा. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट नुसता दुसऱ्या नावाला दिला, तर नावं दोन होतात, वस्तू एकच राहते. मग मसुद्यातली खाडाखोड थेट स्टोअरमध्ये उमटते.

व्ह्यूमध्ये आता पिनिया हे स्टोअर वापरायची शिफारस आहे. त्यात म्युटेशन नाहीत, व्ही-मॉडेल थेट बांधता येतं. म्हणजे पहारेकरी गेला, शिस्त आपल्याकडे आली. अशा वेळी तपासणी आणि जतन एकाच ॲक्शनमध्ये ठेवा. कोणतंही साधन वापरलं तरी वाचायला सगळे, लिहायला एकच दार, एवढं पाळा.

पुढच्या भागात ही तपासणी कशी लिहायची, ते पाहू. जय हिंद!