चुन्याची गच्ची

तंजावूरचा राजवाडा विटा-चुन्याचा. नायकांनी उभारलेला आणि भोसल्यांनी १८५५ पर्यंत नांदवलेला. आसपासच्या जुन्या घरांच्या गच्च्याही चुन्याच्याच आहेत: सागवानी तुळयांवर उभ्या विटा तिरप्या ओळींत बसवायच्या आणि वर चुन्याचा कोबा घालायचा. ‘मद्रास टेरेस’ ती हीच. अशा एका गच्चीची दुरुस्ती मला जवळून बघता आली.

विटांची खडी आणि विझवलेला चुना कालवून चार बोटं जाड थर पसरला होता. खरं काम त्यानंतर सुरू झालं. बायका ओळीनं उकिडव्या बसल्या, प्रत्येकीच्या हाती लाकडी चोपणं. गूळ आणि हिरडा भिजवलेलं पाणी शिंपडायचं, चोपायचं, वीतभर मागे सरकायचं. सुरुवातीला चोपणं रुततं, आवाज बद्द येतो. हळूहळू खडी खाली दबते, चुन्याची साय वर येते आणि आवाज टणक होत जातो. मेस्त्रीचं लक्ष त्या आवाजाकडेच होतं. चोपणं उसळायला लागलं आणि वण उठेनासा झाला, की थांबायचं. याला आठवडाभर तरी लागतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कठीण होतो, म्हणूनच इतके दिवस चोपता येतं.

सिमेंट एवढी सवड देत नाही. साध्या सिमेंटनं अर्ध्या तासाच्या आत आवळायला लागू नये आणि दहा तासांत पुरतं आवळावं, असं भारतीय मानक सांगतं. पण थांबावं तिथेही लागतं. काँक्रीटवर पट्टी ओढून पातळी घेतली की पृष्ठभागावर पाणी सुटतं. ते विरायच्या आत गुरमाळा फिरवला किंवा वर कोरडं सिमेंट भुरभुरलं, तर कमजोर पापुद्रा धरतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्या जमिनीची धूळ निघत राहते. आधी लाकडी थापी, मग लोखंडी गुरमाळा, आणि दोन्हींच्या आधी धीर. बहुतेक कामं या धिराअभावीच बिघडतात, असं माझं मत आहे.

सर्वांत वाईट म्हणजे गळक्या चुन्याच्या गच्चीवर सिमेंटचा थर ओतणं. कडक सिमेंट उन्हानं तडकतं, तड्यांतून शिरलेली ओल आत कोंडते आणि खालच्या तुळया कुजतात. वाईला, पुण्याला किंवा आणखी कुठे तुमचा जुना वाडा असेल, तर गच्चीला हात लावण्याआधी चुन्यातला जाणकार गवंडी शोधा.